आधी हात धुवा! – डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचे चरित्र



दरवर्षी १५ ऑक्टोबरला जगभर हात धुण्याचा दिवस पाळला जातो. त्या दिवशी प्रार्थनासभेत आम्ही मुलांकडून हात धुण्याच्या पायऱ्या म्हणून घेतो, मुले त्या हसत-खेळत म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडताना विसरून जातात. म्हणून या अंकात उपदेश न करता एका माणसाची गोष्ट सांगावी असे आम्ही ठरवले. ज्या ब्लीचिंग पावडरचा उग्र वास शाळेच्या स्वच्छतागृहात आपणा सर्वांना ओळखीचा आहे, त्याच पावडरच्या पाण्याने या माणसाने शेकडो मातांचे प्राण वाचवले. त्याच्या वाट्याला मात्र सुख आले नाही.

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या गावी झाला. आजच्या बुडापेस्ट शहराचा हा एक भाग. वडील किराणा मालाचे सधन व्यापारी होते. मुलाने वकील व्हावे म्हणून १८३७ साली त्याला व्हिएन्नाला पाठवले, पण तिथे त्याचे मन वैद्यकाकडे वळले. १८४४ साली तो डॉक्टर झाला आणि १८४६ साली व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिविभागात सहायक म्हणून रुजू झाला. तेव्हा त्याचे वय होते अवघे २८ वर्षे.

या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणींना शिक्षण दिले जाई. इमारत एक, अन्न एक, हवा एक. बायकांना भरती करण्याचे दिवसही दोन्ही विभागांनी आळीपाळीने वाटून घेतलेले. तरीही १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात शंभरातील सुमारे १० बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्या विभागात सुमारे ४. बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत थंडी वाजून ताप चढे, पोट दुखू लागे आणि बघता बघता सर्व संपे. याला सूतिकाज्वर म्हणत. गावभर ही गोष्ट पसरली होती. आपल्याला पहिल्या विभागात टाकू नका म्हणून गरीब बायका पाया पडत. विशेष म्हणजे दवाखान्याच्या वाटेवर रस्त्यातच बाळंत होणाऱ्या बायकांनासुद्धा हा ताप कमी येई.

तरुण सेमेलवाइसला हे बघवेना. कोणी म्हणे हवा दूषित आहे, कोणी म्हणे गर्दी फार. पण हवा दोन्हीकडे सारखीच होती आणि गर्दी तर दुसऱ्या विभागात जास्त होती. मरणासन्न रुग्णाकडे घंटी वाजवत जाणाऱ्या पाद्रीला पाहून बायका घाबरतात व आजारी पडतात, असेही एक मत होते. सेमेलवाइसने पाद्रींना दुसऱ्या वाटेने, घंटी न वाजवता जायला सांगितले. फरक पडला नाही. दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर निजवून बाळंत करत, म्हणून तेही करून पाहिले. त्यानेही काही झाले नाही. एकेक कारण घ्यायचे, तपासायचे आणि खरे न निघाल्यास बाजूला ठेवायचे. आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत जरूर लक्षात घ्यावी.

उत्तर मिळाले ते एका दुःखद घटनेतून. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस काही दिवस व्हेनिसला गेला होता. परतल्यावर कळले की त्याचे मित्र प्राध्यापक याकोब कोलेत्श्का यांचे निधन झाले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. तेवढ्या जखमेवरून ताप आला आणि ते गेले. त्यांच्या शवाच्या तपासणीचा अहवाल वाचताना सेमेलवाइस थबकला. शरीरात जे बिघाड दिसले होते ते हुबेहूब बाळंतिणींसारखे होते!

आता सर्व उलगडले. पहिल्या विभागातील डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवागारात काम करत आणि तिथून थेट बाळंतिणींना तपासायला येत. सुइणी शवविच्छेदन करत नसत. प्रेतातील सडका अंश डॉक्टरांच्याच हातांवरून मातांच्या शरीरात जात होता. हे कळणे किती कठीण गेले असेल याचा विचार करा. सेमेलवाइस स्वतः सर्वांत जास्त मेहनतीने शवविच्छेदन करत असे. म्हणजे आपल्या हातूनही कित्येक माता मेल्या, हे त्याला मान्य करावे लागले. त्याने ते मान्य केले आणि पुढे छापूनही ठेवले.

डॉक्टर हात धूत नव्हते असे नाही. ते साबणाने हात धूत, पण प्रेताचा वास काही जात नसे. वास जात नाही, अर्थी काहीतरी उरते, असे सेमेलवाइसने ताडले. मग वास घालवणारी वस्तू शोधायची. ती वस्तू म्हणजे क्लोरीन. १७७४ साली स्वीडनच्या शीलेने हा वायू प्रथम तयार केला. फ्रान्सच्या बर्थोले याने त्याने कापड पांढरे करता येते हे दाखवले. त्यापूर्वी कापड पांढरे करायचे म्हणजे ते क्षाराच्या पाण्यात उकळायचे, आंबट ताकात भिजवायचे आणि महिनोन् महिने उन्हात गवतावर पसरून ठेवायचे. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने क्लोरीन चुन्यात शोषून घेऊन त्याची भुकटी बनवण्याचे पेटंट घेतले. हीच आपली ब्लीचिंग पावडर. पुढे पॅरिसमध्ये लाबाराक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने अशाच क्लोरीनच्या पाण्याने शवागारांची आणि आतडी साफ करण्याच्या कारखान्यांची दुर्गंधी घालवली.

मे १८४७ मध्ये सेमेलवाइसने प्रसूतिविभागाच्या दारापाशी क्लोरीनच्या पाण्याचे भांडे ठेवले. हात त्यात धुतल्याशिवाय कोणी आत जायचे नाही. थोड्याच काळात खर्च कमी व्हावा म्हणून त्याने क्लोरीनच्या पाण्याऐवजी ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरायला सुरुवात केली. परिणाम आकड्यांतच पाहा. एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ माता दगावल्या होत्या. जूनमध्ये २६८ पैकी ६ आणि जुलैमध्ये २५० पैकी ३. पूर्ण १८४८ सालात ३५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले आणि त्या वर्षी दोन महिने तर असे गेले की एकही माता दगावली नाही.

मध्ये एक धक्काही बसला. ऑक्टोबर १८४७ मध्ये कर्करोगाने पीडित एका बाईला तपासून डॉक्टर तसेच पुढच्या बायकांकडे गेले आणि त्यांतील ११ जणी गेल्या. म्हणजे विष फक्त प्रेतातून येते असे नाही, जिवंत रुग्णाच्या घाणीतूनही येते. त्यानंतर दोन रुग्णांच्या मध्येही हात धुण्याचा नियम झाला.

एवढे झाल्यावर जगाने त्याला डोक्यावर घ्यायला हवे होते. झाले उलटेच. आमचे हात अस्वच्छ आहेत असे म्हणणारा हा कोण, असे मोठमोठ्या डॉक्टरांना वाटले. त्या द्रावणाने हातांची आग होते म्हणून विद्यार्थीही कुरकुर करत. जंतूंचे शास्त्र तेव्हा जन्मले नव्हते, त्यामुळे का, याचे उत्तर सेमेलवाइसपाशी नव्हते. शिवाय त्याने आपले म्हणणे वेळेवर लिहूनही काढले नाही. मित्र त्याच्या वतीने लेख लिहीत राहिले. १८४९ साली त्याची मुदत वाढवली गेली नाही. १८५० साली तो कोणाचा निरोप न घेता व्हिएन्ना सोडून मायदेशी परतला.

पेस्ट शहरातील सेंट रोखुस रुग्णालयात त्याने बिनपगारी काम स्वीकारले. तिथे सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांपैकी फक्त ८ माता सूतिकाज्वराने गेल्या. १८५५ साली तो विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथे न धुतलेल्या चादरी पुन्हा बाळंतिणींखाली घातल्या जातात हे त्याने पाहिले आणि स्वच्छ चादरींसाठी अधिकाऱ्यांशी भांडण केले. १८५७ साली त्याचे लग्न झाले. १८६१ साली, म्हणजे शोधानंतर १४ वर्षांनी, त्याचे मोठे पुस्तक आले. त्यावर टीका झाली तेव्हा त्याचा संयम सुटला. विरोधकांना त्याने उघड पत्रांतून खुनी ठरवले. त्याचे म्हणणे खरे होते, पण अशा भाषेने शत्रू तेवढे वाढले.

पुढे त्याचे मानसिक स्वास्थ्य बिघडले. जुलै १८६५ मध्ये त्याला व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले. तिथे त्याला मारहाण झाली, हाताची जखम चिघळली आणि रक्त दूषित होऊन १३ ऑगस्ट १८६५ रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी त्याचा अंत झाला. ज्या विषाशी तो जन्मभर लढला त्यानेच त्याला नेले. त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टरने एका ११ वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. १८७९ साली लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले. आज बुडापेस्टचे वैद्यकीय विद्यापीठ सेमेलवाइसच्या नावाने ओळखले जाते.

आपणा मराठी माणसांना एक योगायोग सांगावासा वाटतो. सेमेलवाइस गेला त्याच १८६५ साली आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. स्वतःचे बाळ जन्मानंतर दहा दिवसांत गमावलेल्या या मुलीने अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टरची पदवी घेतली आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच.

आता पालकांसाठी थोडे. या चरित्रातून दर ठिकाणी ब्लीच ओतावे असा बोध कृपया घेऊ नये. सेमेलवाइसने ब्लीच वापरले, कारण त्याचे हात प्रेतांना लागत आणि साबण तिथे अपुरा पडत होता. जेवढी घाण तेवढाच उपाय. डबा खाण्यापूर्वी मुलांच्या हातांना साधा साबण आणि वाहते पाणी पुरे आहे, फक्त निदान २० सेकंद चोळले पाहिजे. आज डॉक्टरसुद्धा हातांसाठी ब्लीच वापरत नाहीत. साबण किंवा अल्कोहोलचे द्रावण वापरतात. २०२० साली कोरोनाच्या काळात बरेलीत परतलेल्या मजुरांच्या अंगावर ब्लीचचे पाणी फवारले गेले, ते शास्त्राला धरून नव्हते. ब्लीच वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही.

घरात रोजची फरशी, ओटा, भांडी यांना साबण किंवा धुण्याचा सोडा पुरतो. नळावरचे पांढरे डाग लिंबाने अथवा व्हिनेगरने जातात, मात्र संगमरवरावर आंबट काही लावू नये. तांब्या-पितळेला चिंच आहेच. लोकरी आणि रेशमी कपड्यांना रिठा उत्तम, ब्लीचने ते खराब होतात. घरात उलटी-जुलाबाचा आजार असेल तेव्हा संडास आणि फरशीला मात्र ब्लीच हवे. आधी साबणाने घाण काढावी, कारण घाणीवर ब्लीचची ताकद वाया जाते. मग बाजारात मिळणारे ५ टक्क्यांचे द्रव ब्लीच असल्यास त्याच्या १ भागात ४९ भाग थंड पाणी घालून पोछा मारावा, खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि हातमोजे घालावेत. हे पाणी त्याच दिवशी वापरून टाकावे.

सर्वांत महत्त्वाचे. ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. ब्लीच पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. आमच्या शाळेत सफाई कर्मचाऱ्यांनाही आम्ही हेच सांगतो आणि दोन्ही वस्तू वेगळ्या कपाटात ठेवतो.

विश्वस्त मंडळाला एकच विनंती. डब्याच्या सुट्टीत नळांवर रांग लागते आणि घंटा होते तेव्हा लहान मुले हात न धुताच वर्गात पळतात. सेमेलवाइसने भांडे दारातच ठेवले होते, म्हणून त्याचा नियम पाळला गेला. प्राथमिक वर्गांच्या दाराशी दोन-तीन नळ आणि साबणाची सोय झाली तर मुलांना आठवण करून देण्याची गरजही उरणार नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी हे. तुमचे म्हणणे खरे असेल तर ते आकड्यांनी सिद्ध करा, वेळेवर लिहून ठेवा आणि गोड शब्दांत सांगा. सेमेलवाइसने पहिले केले, उरलेली दोन राहिली. त्या विलंबाची किंमत कित्येक मातांनी दिली.

– प्राचार्य