साडीतली मरियामाता



मरियामातेचे चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निळा झगा आणि गोरा चेहरा येतो. चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी तिला साडी नेसवली, डोक्यावर पदर दिला, सावळा रंग दिला. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली.

त्यांचा जन्म १९०२ साली गोव्यात सांत इस्तेव्ह येथे कॅथोलिक घरात झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले पाश्चात्त्य वळण रुचले नाही म्हणून ते शांतिनिकेतनला गेले आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. गांधीजींनी हरिपुरा काँग्रेससाठी (१९३८) ज्यांच्याकडून चित्रे करून घेतली तेच हे नंदलालबाबू. सेवाग्रामच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला हे नाव परके नसावे.

गोव्यात परतल्यावर मात्र लोक रागावले. देवमातेचा अपमान झाला, असे त्यांना वाटले. त्यात धर्मगुरूही होते, हे आम्ही कबूल केले पाहिजे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना सौंदर्याच्या व्याख्या आम्ही पाठ केल्या. पण नाझरेथच्या मरियेला युरोपी झगा कोणी दिला, हे विचारायचे काही सुचले नाही.

फोन्सेका पुण्याला आले. क्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने त्यांना आसरा दिला. आश्रम अँग्लिकन बंधूंचा, चित्रकार कॅथोलिक!

१९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील दस्तऐवजात प्रत्येक देशाच्या कलेला चर्चमध्ये मोकळीक दिली. फोन्सेकांनी तेव्हा साठी गाठली होती. १९६७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची बरीच चित्रे आता गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवली आहेत.