कुरणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

(द्वितीय वर्ष कला)

बालशिक्षणाचा विषय निघाला की माँटेसोरीबाईंचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या इटालियन विदुषीचे विचार ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत, वारल्यांच्या पाड्यावर, गुरांच्या मागे हिंडणाऱ्या पोरांपर्यंत ज्यांनी पोचवले, त्या ताराबाई मोडकांची ओळख शिक्षणशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतील एका टीपेपुरतीच उरली आहे की काय, अशी शंका येते. जन्मसाल, संस्थेचे नाव, 'पद्मभूषण' एवढे लिहिले की पाच गुण मिळतात. पण या बाईंनी केलेला एक प्रयोग असा आहे, की तो वाचल्यावर माझ्यासारख्या, घरातून पहिल्यानेच कॉलेजची पायरी चढलेल्या विद्यार्थ्याला त्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यामुळे मुलींना शिकवावे की नाही हा वाद त्यांच्या घरात नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या! पुढे अमरावतीचे वकील कृष्णाजी विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन ताराबाई बाहेर पडल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. नवऱ्यापासून वेगळे राहणाऱ्या स्त्रीकडे शंभर वर्षांपूर्वीचा समाज कोणत्या नजरेने पाहत असेल याची कल्पना करावी. राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्य म्हणून त्यांना चांगली नोकरी मिळाली. पगार होता, मान होता. ती नोकरी सोडून त्या १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या काळजीतून ते माँटेसोरीबाईंच्या विचारांकडे वळले आणि वकिली सोडून बालमंदिरात रमले. मुलाला मारू नये, भीती दाखवू नये, बक्षिसाची लालूच दाखवू नये. त्याच्या हातांना काम द्यावे, म्हणजे ते आपणहून शिकते, हा त्यांचा विश्वास. १९२६ साली ताराबाई व गिजुभाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. 'शिक्षणपत्रिका' हे त्यांचे मासिक गुजरातीत निघे. १९३३ पासून ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्ती सुरू केली. भावनगर सोडून त्या मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला.

येथवरचे चरित्र सरळ आहे. ताराबाई येथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. दादरच्या शिशुविहारात सुशिक्षित मध्यमवर्गाची मुले येत. पालकांना वर्गणी झेपत असे, बाईंच्या शब्दाला किंमत होती. परंतु गिजुभाई १९३९ साली वारले, पुढे महायुद्धाची वर्षे आली, आणि बालमंदिरे फक्त शहरातल्या सुखवस्तू मुलांसाठीच का, हा प्रश्न ताराबाईंना छळू लागला. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी निवडलेले गाव म्हणजे बोर्डी. त्या वेळी त्यांचे वय ५३ वर्षे होते. आपल्याकडे या वयात माणसे पेन्शनचा हिशेब मांडू लागतात.

बोर्डी हे डहाणूच्या उत्तरेस समुद्रकाठचे गाव. चिकूच्या वाड्या, इराणी-पारशी बागाईतदार, आणि आचार्य भिसे यांच्यासारख्या ध्येयवादी शिक्षकांनी नावारूपाला आणलेले हायस्कूल. किनारा सोडून दोन-चार मैल आत गेले की वेगळाच मुलूख लागे. तेथे वारली राहत. जंगल त्यांचे, कष्ट त्यांचे, आणि जमीन मात्र सावकार-जमीनदारांची. लग्नासाठी कर्ज काढावे आणि ते फेडण्याकरिता नवरा-बायकोने जन्मभर सावकाराच्या घरी राबावे, याला 'लग्नगडी' म्हणत. वेठ तर नित्याचीच. याविरुद्ध १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला, त्याच वर्षी गोळीबारही झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ताराबाईंचे ग्राम बाल शिक्षा केंद्र बोर्डीत सुरू झाले. परुळेकर आणि मोडक यांचे मार्ग अगदी भिन्न होते. एकीकडे लाल बावटा, दुसरीकडे गांधीयुगातील रचनात्मक कार्य. पण एकाच प्रदेशात एकाच वर्षी आईबापांची वेठ मोडण्याचे आणि पोरांना अक्षर देण्याचे काम सुरू व्हावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. आईबाप वेठीला जुंपलेले असतील तर पोर शाळेत कोठून येणार?

या कामात ताराबाईंना सोबत मिळाली ती अनुताई वाघांची. अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे नशीब वाट्याला आलेली ही मुलगी जिद्दीने शिकली, शिक्षिका झाली आणि वयाच्या ३५ व्या वर्षी सर्व सोडून ताराबाईंबरोबर बोर्डीला आली. ताराबाईंचे चरित्र अनुताईंना वगळून लिहिणे अशक्य आहे. योजना ताराबाईंची आणि पायपीट अनुताईंची, असे काही लोक म्हणतात. मला ते दोघींवरही अन्याय करणारे वाटते.

सुरुवातीचा अनुभव निराशेचा होता. शाळा उघडली, पण मुले येईनात. मग शाळाच मुलांकडे न्यायची असे ठरले. वस्तीतले एखादे अंगण झाडायचे, तेथेच मुले गोळा करायची, त्यांचे हातपाय-तोंड धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, खेळ खेळायचे. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज हा शब्द इतका रुळला आहे की तो कोणीतरी प्रथम घडवला असेल असे मनातही येत नाही! माँटेसोरीची साधने महाग, परदेशी धाटणीची. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, बांबूचे तुकडे आले. एका शिंपल्यापासून दहा शिंपल्यांपर्यंत मोजता आले की अंक आले. समुद्र आणि जंगल दोन्ही जवळ. सामानाला तोटा नव्हता.

१९५७ साली संस्था बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेली. आणि तेथे ताराबाईंपुढे असा प्रश्न उभा राहिला ज्याला माँटेसोरीबाईंच्या ग्रंथात उत्तर नव्हते. अंगणे होती, पण अंगणात मुले नव्हती. सहा-सात वर्षांचा मुलगा सकाळीच गुरे घेऊन रानात गेलेला असे. मुली सरपण, गवत, पाणी यांत गुंतलेल्या, आणि त्यातून सुटलेली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली. आईबाप मजुरीवर. म्हणजे घरातले प्रत्येक पोर कामाला लागलेले. हे काम कारखान्यातले नव्हे, कोणी मुकादम उभा नव्हता, हजेरीपट नव्हता. म्हणून त्याला बालमजुरी म्हणायचे कोणाला सुचतही नसे. पण त्या पोराने गुरे राखली नाहीत तर घरी भाकर कमी पडे हे खरे.

अशा वेळी शिक्षक मंडळी बहुधा काय करतात हे आपल्याला ठाऊक आहे. पालक अडाणी, त्यांना शिक्षणाचे महत्त्व नाही, असा शेरा मारून मोकळी होतात. ताराबाई-अनुताईंनी असा शेरा मारला नाही. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षकाने जायचे असे त्यांनी ठरवले. हीच 'कुरणशाळा'. गुरे चरताहेत, एखाद्या झाडाखाली पोरे जमली आहेत, शिक्षक त्यांच्याशी पाखरांच्या, झाडांच्या, त्यांच्याच गुरांच्या गोष्टी बोलतो आहे, आणि त्यातून हळूहळू अक्षरे व आकडे पुढे येत आहेत. गुरे सांभाळायची ती सांभाळायचीच. ज्या गवताच्या कापणीच्या मजुरीसाठी वारल्यांनी पुढच्याच वर्षी, १९४६ साली, संप केला होता, त्याच मुलखातल्या गवतात ही शाळा भरत होती.

आमच्या वर्गातील एका मित्राला मी हे सांगितले तेव्हा त्याने आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे असे, की ही तर बालमजुरीशी केलेली तडजोड झाली. पोराला गुरांपासून सोडवायचे सोडून शाळाच गुरांच्या मागे धावली. आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले होते. ती दहा वर्षे १९६० साली संपली तेव्हा कोसबाडची मुले गुरेच राखत होती. शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळण्यास २००९ साल उजाडले. १९८६ च्या बालकामगार कायद्यानेही घरच्या कामाला हात लावला नाही, आणि २०१६ च्या दुरुस्तीने शाळेबाहेरच्या वेळात कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली. तेव्हा गुराखी पोर कोणत्या कायद्याच्या कक्षेत येत होते? कायदा येईपर्यंत पोर थांबत नाही, ते वाढतच असते. माझ्या मित्राला मी एवढेच म्हणालो, की तडजोड गुरांशी झाली असेल, अज्ञानाशी झाली नाही. त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही पूर्ण झालेले नाही.

याहूनही मोलाचा मला त्यांचा दुसरा प्रयोग वाटतो. त्याचे नाव 'विकासवाडी'. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात, एकमेकांना जोडून. वरवर पाहता यात विशेष काय? विशेष हे, की ताराबाईंनी मोठ्या मुलीची अडचण ओळखली. तिला शाळेत यायचे असते, पण कडेवरचे बाळ ठेवायचे कोठे? तर बाळ पाळण्यात, मधले भावंड बालवाडीत, आणि मुलगी पहिलीच्या वर्गात. तिघेही एकदम घरातून निघाली की तिच्या शिक्षणाच्या वाटेतला धोंडा दूर झाला. मधल्या वेळी तिने पाळण्यात डोकावून यावे, बाळ रडले तर घ्यावे, आणि पुन्हा वर्गात जाऊन बसावे.

हे वाचताना मला माझी थोरली बहीण आठवली. तिने चौथीनंतर शाळा सोडली. आई मजुरीला जात असे आणि घरात तान्हे मूल होते. आमच्या गावात तेव्हा अंगणवाडी होती. पण तीत बसत ती तीन वर्षांपुढची मुले. तान्ह्यांना आहार मिळे, लस मिळे, त्यांना दिवसभर सांभाळणारे कोणी नव्हते. तेव्हा बहीण घरी राहिली. तिच्या कडेवरचे ते मूल म्हणजे मी. आज ती माझ्या पुस्तकांना कव्हरे घालून देते आणि पाठीवरची नावे एक-एक अक्षर जुळवून वाचते.

ताराबाईंच्या विचारातला अंगणवाडीचा भाग सरकारने उचलला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले आणि पुढे अशी १३ लाखांहून अधिक केंद्रे देशभर झाली. पण पाळणा मागेच राहिला. विकासवाडीतली तिन्ही अंगे एकत्र असण्यात जे मर्म होते ते योजनेत उतरले नाही, असे माझे मत आहे. प्राध्यापक मंडळींनी यावर अधिक प्रकाश टाकल्यास आनंद होईल.

१९६२ साली ताराबाईंना 'पद्मभूषण' किताब मिळाला. मुंबईत आरामात राहून त्यांना सत्कार स्वीकारता आले असते; पण त्यांचा जीव टेकडीवरच्या कामात होता. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी अंगणवाडी सुरू होण्यास तेव्हा दोन वर्षे होती. त्यांनी ती पाहिली नाही. टेकडीवरचे काम अनुताईंनी पुढे चालवले. त्यांनी आपल्या आठवणी 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात लिहिल्या आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत कोसबाड सोडले नाही. त्यांचे हे पुस्तक आपल्या ग्रंथालयाने मागवावे, अशी या अंकाच्या निमित्ताने मी ग्रंथपालांना विनंती करतो. माझ्या आधी ते घरी नेण्यासाठी एक वाचक ठरलेला आहे. अक्षरे जुळवत वाचायला तिला वेळ लागेल, तेव्हा पुस्तक परत करण्याची मुदत थोडी वाढवून मिळावी.