नेपोलियनच्या पोटात नेमके काय झाले होते?

जठराच्या अस्तराची झीज दुर्लक्षित राहिली तर काय होऊ शकते, हे समजण्यासाठी नेपोलियन बोनापार्टचे आजारपण पाहू.

१७६९ मध्ये कॉर्सिका बेटावर जन्मलेला नेपोलियन १८०४ मध्ये फ्रान्सचा सम्राट झाला. त्याचे जेवण फार घाईचे असे. कोटात हात घातलेली त्याची चित्रे तुम्ही पाहिली असतील. तो हात पोटदुखीमुळे असे, असे बरेच जण मानतात. पण तशी चित्रे काढून घेण्याची तेव्हा पद्धतच होती.

१८१५ मध्ये वॉटर्लूला हरल्यावर इंग्रजांनी त्याला सेंट हेलेना बेटावर कैदेत ठेवले. तिथे पोटाच्या उजव्या बाजूला दुखू लागले. डॉ. ओमिएरा यांनी यकृताला सूज असल्याचे सांगितले. बेटाची हवा वाईट ठरेल म्हणून इंग्रज गव्हर्नरला हे निदान रुचले नाही आणि १८१८ मध्ये डॉक्टरांना जावे लागले. पुढे भूक गेली, उलट्या सुरू झाल्या, वजन घटले. तरीही एप्रिल १८२१ मध्ये तपासायला आलेल्या इंग्रज डॉक्टरांना आधी हा मनाचाच आजार वाटला. ३ मे रोजी त्याला कॅलोमेल या पाऱ्याच्या जुलाबाचा मोठा डोस दिला गेला. ५ मे रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, तो गेला.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाले. जठरात कर्करोगाचा मोठा व्रण होता. एका जागी आरपार भोक पडले होते आणि यकृत तिथे चिकटल्याने ते बुजले होते. आत कॉफीच्या चोथ्यासारखा द्रव, म्हणजे आम्लात मिसळलेले जुने रक्त होते. त्याचे वडीलही १७८५ मध्ये जठराच्या आजारानेच गेले होते. मुलाला सावध करता यावे म्हणून आपले जठर तपासावे, असे नेपोलियनने आधीच सांगून ठेवले होते.

अस्तर का झिजते? मुख्य कारणे दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनसारख्या गोळ्या. दारू आणि तंबाखूनेही इजा होते. हा जिवाणू वर्षानुवर्षे पोटात राहतो. काहींना त्यातून अल्सर होतो, थोड्यांना कर्करोग. नेपोलियनचा आजारही इथूनच सुरू झाला असावा, असे काही तज्ज्ञांना वाटते. पण त्याच्या डॉक्टरांना जिवंत माणसाच्या जठरात डोकावता येत नव्हते आणि हा जिवाणू तर १९८२ मध्ये सापडला.

तुमच्याकडे हे दोन्ही उपाय आहेत. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत जिवाणू कळतो आणि साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी बहुतेकांचा जातो. गरज पडल्यास एंडोस्कोपीने अस्तर थेट पाहता येते. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. मात्र हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नका.

वजन कमी होत असेल, वारंवार उलट्या होत असतील, गिळायला त्रास होत असेल किंवा घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर लवकर डॉक्टरांना दाखवा. डांबरासारखी काळी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी किंवा अचानक असह्य पोटदुखी झाल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठा. ॲसिडिटीच्या गोळीने दुखणे शांत होते, पण ते कशामुळे होते हे गोळी सांगत नाही.