घड्याळात पाणी शिरू न देणारे विल्सडॉर्फ

वरंध घाटातून महाडकडे उतरताना आषाढातल्या पावसाने गाठले, की साध्या मनगटी घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरते आणि काटे थांबतात. पाण्याशी असलेले घड्याळाचे हे वैर मिटवण्यासाठी ज्यांनी आपली सारी व्यापारी पत पणाला लावली, ते हान्स विल्सडॉर्फ स्वतः कारागीर नव्हते. तरीही पाणबुड्यांच्या जुन्या, दुर्मीळ घड्याळांच्या संग्राहकांमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

विल्सडॉर्फ यांचा जन्म २२ मार्च १८८१ रोजी बव्हेरियातील कुल्मबाख येथे झाला. वयाच्या बाराव्या वर्षी ते पोरके झाले. मामा-काकांनी वडिलांचा व्यवसाय विकून मुलांना वसतिगृहाच्या शाळेत घातले. पुढे स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों येथे घड्याळांच्या एका निर्यातदाराकडे त्यांनी पत्रव्यवहाराची नोकरी केली. १९०५ मध्ये लंडनमध्ये मेहुणे आल्फ्रेड डेव्हिस यांच्यासह त्यांनी पेढी काढली आणि १९०८ मध्ये ‘रोलेक्स’ हे नाव नोंदवले. त्या काळी पुरुषांचे घड्याळ खिशात असे. मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, अशी समजूत होती. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांनी ती मोडीत काढली. युद्धकाळात ब्रिटनने लादलेल्या भारी आयात करामुळे विल्सडॉर्फ यांनी आपला कारभार जिनिव्हाला हलवला.

पाणी आणि धूळ आत शिरण्याची मुख्य वाट म्हणजे चावी देण्याचे बाहेरचे चक्र, अर्थात क्राऊन. हे चक्र स्क्रूप्रमाणे घट्ट बसवण्याची युक्ती पेरेगो आणि पेरे या दोघा स्विस कारागिरांची होती. विल्सडॉर्फ यांनी तिचे हक्क विकत घेतले आणि १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’, म्हणजे शिंपला, हे घड्याळ आणले. पुढच्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १९२७ रोजी, जलतरणपटू मर्सिडीज ग्लाइट्झ हे घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरल्या. कडाक्याच्या थंडीमुळे दहा तासांहून अधिक काळ पोहूनही त्यांना माघार घ्यावी लागली. घड्याळ मात्र चालूच राहिले. महिनाभराने ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर विल्सडॉर्फ यांची जाहिरात झळकली. त्या अपुऱ्या राहिलेल्या पोहण्याचे सोने कसे करायचे, हे या व्यापाऱ्याला नेमके कळले होते. ग्लाइट्झ यांनी त्याआधी, ७ ऑक्टोबरला, खाडी पार केली होती. तेव्हा त्यांच्याजवळ हे घड्याळ नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्यांनी उधारीवर घड्याळे पाठवली. पैसे युद्ध संपल्यावर द्यायचे होते. १९४४ मध्ये पत्नी फ्लॉरेन्स यांचे निधन झाले. अपत्य नसलेल्या विल्सडॉर्फ यांनी १९४५ मध्ये स्वतःच्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले आणि पुढे कंपनीची मालकी त्याच्याकडे गेली.

खास पाणबुड्यांसाठीचे ‘सबमरिनर’ १९५३ मध्ये आले. ते १०० मीटर खोलीपर्यंत टिकणारे होते. त्याची फिरती कडा शोभेची नव्हती. पाण्याखाली किती वेळ झाला हे ती दाखवी आणि श्वासाची हवा त्याच हिशेबावर अवलंबून असे. २३ जानेवारी १९६० रोजी ‘त्रिएस्त’ हे यान मारियाना गर्तेत सुमारे १०,९०० मीटर खोल गेले, तेव्हा त्याच्या बाहेरच्या अंगाला बसवलेले रोलेक्स चालू स्थितीत वर आले. त्याच वर्षी ६ जुलै रोजी विल्सडॉर्फ यांचे निधन झाले.

कामासाठी घडवलेल्या त्या घड्याळांना आज संग्राहक लाखो रुपये मोजतात. तबकडी मूळची हवी आणि कवच पॉलिश न केलेले हवे, हा त्यांचा दंडक. उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली तबकडी खरे तर रंगातला दोष. बाजारात तिलाच जास्त भाव. दुरुस्तीत तबकडी बदलली, तर किंमत कोसळते. मात्र रबरी कड्या दशकांनंतर कडक होतात आणि पाणी आत शिरू देतात. त्यामुळे समुद्रतळासाठी बनलेले हे जुने घड्याळ तपासल्याशिवाय कोकणच्या पावसात बाहेर काढण्याचे धाडस जाणकार संग्राहक करत नाहीत.