गुन्पेई योकोई : मुरलेल्या तंत्रातून नवा खेळ घडवणारा अभियंता



सुट्टी जवळ आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलाला किंवा मुलीला जुने व्हिडिओ गेम चालवणारं छोटं यंत्र स्वतः जोडून बघायचं आहे, तर त्यासाठी कोणता सिंगल बोर्ड कॉम्प्युटर घ्यावा? रास्पबेरी पायचेच इतके प्रकार आहेत की माणूस गोंधळून जातो. मग दुकानदार सांगेल तो सगळ्यात महाग बोर्ड घरी येतो आणि महिनाभराने कपाटात जाऊन पडतो. पैसे जातातच, त्याहून वाईट म्हणजे मुलाचा उत्साह जातो.

या प्रश्नाचं उत्तर आज आपण एका माणसाच्या आयुष्यातून शोधूया. रास्पबेरी पाय बाजारात आला 2012 साली. हा माणूस त्याच्या पंधरा वर्षं आधीच जग सोडून गेला होता. पण वस्तू कशी निवडावी हे त्याच्याइतकं नेमकं फार थोड्यांना कळलं. त्याचं नाव गुन्पेई योकोई.

जन्म, शिक्षण आणि नोकरी

योकोई यांचा जन्म 10 सप्टेंबर 1941 रोजी जपानमधल्या क्योतो शहरात झाला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं आणि 1965 मध्ये ते निन्टेंडो या कंपनीत लागले. आज निन्टेंडो म्हटलं की व्हिडिओ गेम आठवतात, पण तेव्हा तसं नव्हतं. 1889 मध्ये सुरू झालेली ही कंपनी हानाफुदा नावाचे फुलापानांची चित्रं असलेले जपानी पत्ते बनवायची. योकोईंचं काम काय, तर पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या तरुणाच्या दृष्टीने ही काही मोठी नोकरी नव्हती.

यंत्रं नीट चालू असली की हाताशी मोकळा वेळ असे. त्या वेळात त्यांनी गंमत म्हणून एक खेळणं बनवलं. आडव्या-उभ्या पट्ट्या कैचीसारख्या जोडलेल्या, मूठ दाबली की पुढचा पंजा लांब जाऊन वस्तू पकडणार. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेला ते पडलं. आता बोलणी खावी लागणार असंच कुणालाही वाटलं असतं. पण यामाउचींनी ते खेळणं विक्रीसाठी तयार करायला सांगितलं. 1966 मध्ये 'अल्ट्रा हँड' नावाने ते बाजारात आलं आणि बारा लाखांहून अधिक विकलं गेलं. देखभाल करणारा माणूस खेळणी बनवणारा झाला.

साध्या वस्तूचा दुसरा उपयोग

1969 मध्ये आलेला त्यांचा 'लव्ह टेस्टर' विज्ञानाच्या शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावा. दोन माणसांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात एकेक धातूचा गोळा धरायचा आणि काटा किती सरकतो ते बघायचं. आत होतं काय? शरीरातून जाणारा अगदी बारीक विद्युतप्रवाह मोजणारं साधं मीटर, बस! प्रयोगशाळेतलं जुनंच उपकरण, पण इथे ते खेळ म्हणून हातात दिलं.

इथूनच त्यांच्या कामाची पद्धत दिसू लागते. पुढे त्यांनी तिला नावही दिलं. त्याचा साधारण अर्थ असा, की वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडव्या दिशेने विचार करणं. आपल्याकडे वाळलेलं म्हटलं की टाकाऊ वाटतं, म्हणून मी मुरलेलं तंत्रज्ञान म्हणते. लोणचं मुरलं की त्याची चव पक्की होते, तसं तंत्रज्ञान मुरलं की ते स्वस्त होतं, त्यातले दोष सगळ्यांना ठाऊक झालेले असतात आणि ते दुरुस्त करणारी माणसं जागोजागी सापडतात. अशी वस्तू घ्यायची आणि तिचा कुणी न केलेला उपयोग शोधायचा, हा योकोईंचा मार्ग.

कॅल्क्युलेटरपासून गेम अँड वॉच

असं सांगतात, की एकदा आगगाडीच्या प्रवासात त्यांना एक कंटाळलेला प्रवासी दिसला. तो वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. तुम्हीआम्हीही असं दृश्य पाहिलं असतं आणि विसरून गेलो असतो. योकोईंनी विचार केला, की अशा माणसाला खिशात मावणारा खेळ का देऊ नये?

वेळही जुळून आली होती. जपानी कंपन्यांच्या चढाओढीत कॅल्क्युलेटर खूप स्वस्त झाले होते, त्यामुळे त्यांचे एलसीडी पडदेही स्वस्तात मिळू लागले होते. 1980 मध्ये 'गेम अँड वॉच' मालिकेतला पहिला खेळ 'बॉल' आला. एका यंत्रात एकच खेळ आणि सोबत घड्याळ. या मालिकेची एकूण विक्री चार कोटींच्या वर गेली.

1982 मध्ये याच मालिकेत 'डाँकी काँग' आणायचा होता. हा शिगेरू मियामोतो यांनी घडवलेला मूळ खेळ दांडा फिरवून खेळायचा, पण घडी होऊन खिशात जाणाऱ्या यंत्रावर उभा दांडा बसवणार कसा? योकोईंनी अधिक चिन्हासारखं चपटं बटण बसवलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळं एका अंगठ्याखाली. घरातला कोणताही गेम कंट्रोलर आज उचलून बघा, डाव्या अंगठ्याजवळ ही कल्पना बहुधा सापडेलच.

गेम बॉय : कमी ताकदीचा विजय

21 एप्रिल 1989 रोजी जपानमध्ये 'गेम बॉय' विक्रीला आला. योकोई, त्यांचे सहकारी सातोरू ओकादा आणि त्यांच्या विभागाचं हे काम. कागदावर बघाल तर यंत्र अगदीच साधं. 4.19 मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, त्याची रचना 1970 च्या दशकातल्या चिप्सशी नातं सांगणारी. मुख्य मेमरी 8 किलोबाइट. पडदा 160 बाय 144 ठिपक्यांचा, त्यात रंग नाहीत, हिरवट राखाडीच्या फक्त चार छटा. पडद्यामागे दिवाही नाही.

त्याच वर्षी अटारी कंपनीचा 'लिंक्स' आला, पुढच्या वर्षी सेगाचा 'गेम गियर'. दोन्ही रंगीत, दोन्ही उजळ पडद्याचे. दुकानात शेजारी ठेवले तर गेम बॉयकडे कोण बघणार? पण रंगीत यंत्रांना सहा सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास किंवा त्याहूनही जास्त चालायचा. लिंक्सची किंमत जवळपास दुप्पट होती. सेल विकत कोण घेतं? आईवडील! मुलाच्या हातात यंत्र दिवसभर चालू राहणं आणि घरच्यांना ते परवडणं, या दोन गोष्टी योकोईंनी रंगापेक्षा महत्त्वाच्या मानल्या. गेम बॉय आणि त्याचा पुढे आलेला रंगीत भाऊ मिळून 11 कोटी 86 लाखांहून अधिक यंत्रं विकली गेली.

अपयश आणि शेवट

मुलांना थोरांची चरित्रं सांगताना आपण अपयशाचं पान पटकन उलटतो. इथे तसं करू नये. 1995 मध्ये योकोईंचा 'व्हर्च्युअल बॉय' आला. डोळे लावून त्रिमितीय चित्र बघायचं यंत्र. लाल एलईडी स्वस्त होते म्हणून चित्र फक्त लाल आणि काळं. ते टेबलावर ठेवून वाकून बघावं लागे. डोळे आणि डोकं दुखण्याच्या तक्रारी आल्या. आठ लाखसुद्धा विकलं गेलं नाही आणि वर्षभरातच गुंडाळावं लागलं.

म्हणजे स्वस्त आणि मुरलेला भाग निवडला की झालं, असं नाही. तो वापरणाऱ्याच्या हातात, डोळ्यांना आणि दिवसाच्या धावपळीत बसायला हवा. गेम बॉयच्या वेळी हे जमलं, इथे फसलं. स्वतःचं सूत्र स्वतःवरच कसं उलटतं, ते यातून कळतं.

ऑगस्ट 1996 मध्ये, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनी निन्टेंडो सोडली. त्याआधी कमी सेलवर चालणारा आटोपशीर 'गेम बॉय पॉकेट' बाजारात आला होता. मग त्यांनी 'कोतो लॅबोरेटरी' ही स्वतःची संस्था काढली आणि बांदाई कंपनीसाठी 'वंडरस्वान' या नव्या यंत्रावर काम सुरू केलं. ते एकाच सेलवर चालणार होतं. पण 4 ऑक्टोबर 1997 रोजी महामार्गावर त्यांच्या गाडीचा किरकोळ अपघात झाला. ते गाडीतून खाली उतरले आणि दुसऱ्या गाडीची धडक बसली. वय अवघं 56. वंडरस्वान 1999 मध्ये बाजारात आला, तो बघायला ते नव्हते. त्यावरच्या एका कोड्याच्या खेळाला 'गुन्पे' हे नाव दिलं गेलं. 2003 मध्ये गेम घडवणाऱ्यांच्या संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव पुरस्कार दिला.

आता आपला बोर्ड

चला, मूळ प्रश्नाकडे येऊया. जुनं यंत्र जवळ नसताना त्याचा खेळ नव्या यंत्रावर चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर. तो जुन्या यंत्राची प्रत्येक आज्ञा वाचतो आणि नव्या यंत्राला समजेल अशी करून देतो. या दुभाष्याच्या कामाला ताकद लागते, म्हणून नवं यंत्र जुन्यापेक्षा बरंच वेगवान असावं लागतं. पण किती वेगवान, हे कोणता खेळ खेळायचा यावर ठरतं.

म्हणून आधी वहीत यादी करा. कोणत्या जुन्या यंत्रांचे खेळ हवेत?

1. गेम बॉय आणि त्या काळातले 8 बिट व 16 बिट खेळ : यांना रास्पबेरी पाय झिरो 2 डब्ल्यू बहुतेक वेळा पुरतो. त्यात चार गाभ्यांचा 1 गिगाहर्ट्‌झ प्रोसेसर आणि 512 मेगाबाइट मेमरी आहे. मात्र मिनी एचडीएमआय आणि मायक्रो यूएसबीची जोडणी वेगळी घ्यावी लागते, तो खर्च धरा.

2. पहिलं प्लेस्टेशनही हवं असेल : पाय 3 बी किंवा 3 बी प्लस बघा. नेहमीच्या आकाराचा एचडीएमआय आणि चार यूएसबी आहेत, त्यामुळे कंट्रोलर सरळ लागतात. मुलांसाठी हा सोयीचा.

3. निन्टेंडो 64, ड्रीमकास्ट, पीएसपी : इथे पाय 4 किंवा पाय 5 लागतो, आणि तरीही काही खेळ अडखळतात. पाय 5 सोबत पंखा आणि जास्त ताकदीचा अडॅप्टर घ्यावा लागतो, तेव्हा किंमत बोर्डावर संपत नाही.

ऑरेंज पाय किंवा ओड्रॉइडसारखे इतर बोर्डही आहेत, काही तर त्याच पैशांत जास्त वेग देतात. पण अडलं तर विचारणार कुणाला, हा प्रश्न आधी विचारा. रेट्रोपाय, रिकलबॉक्स, लक्का यांसारख्या मोफत प्रणाली तुमच्या बोर्डावर चालतात का, ते खरेदीआधी तपासा. मुरलेला बोर्ड म्हणजे ज्याच्या अडचणी आधीच कुणीतरी सोडवल्या आहेत.

आणखी दोन गोष्टी. चांगलं मेमरी कार्ड आणि योग्य अडॅप्टर यावर कंजुषी नको, आणि प्लग एकदम ओढू नका, कार्डावरची माहिती बिघडते. दुसरं म्हणजे जुन्या खेळांवरही त्यांच्या मालकांचा हक्क असतो. इंटरनेटवर दिसला म्हणून उतरवून घेतला, हे मुलांना शिकवू नका. गेम बॉयसाठी हौशी लोकांनी नव्याने बनवून मोफत दिलेले खेळ आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करा.

वर्गात करून बघा

गेम बॉयचं चित्र 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनी तुकड्यांनी बनतं. मुलांना आलेख वहीत असा एक तुकडा आखायला सांगा आणि पेन्सिलच्या चारच छटांत मांजर किंवा पणती काढायला लावा. मग गणित विचारा. एकूण ठिपके किती? 64. चार छटांसाठी प्रत्येक ठिपक्याला 2 बिट, म्हणजे 128 बिट, म्हणजे 16 बाइट. पडदा 160 बाय 144, तर तुकडे किती मावतील? आडवे 20, उभे 18, एकूण 360. तेवढ्या जागेत खेळ उभा करायचा म्हणजे काय, हे त्यांना बोर्ड न घेताच कळेल.

योकोईंनी आयुष्यभर हाताशी असलेल्या वस्तूला आणखी काय जमेल, हे विचारलं. पालकहो, खरेदीला निघण्याआधी घरातलं कपाट एकदा उघडून बघा. मागच्या प्रकल्पाचा पाय 3 तिथेच पडलेला असेल, तर यंदाची खरेदी झाली म्हणून समजा!