कनेरसरच्या घराण्यातले सरन्यायाधीश

खेड तालुक्यातलं कनेरसर म्हटलं की यमाईचं देऊळ आठवतं. चंद्रचूड घराणंही मूळ याच गावचं. यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा जन्म मात्र पुण्यातला, १९२० चा.

१९५८ ला ते मुंबई हायकोर्टात सरकारी वकील झाले. नानावटी खून खटल्यात ज्युरीने आरोपीला निर्दोष म्हटलं होतं. हायकोर्टात सरकारची बाजू चंद्रचूडांनी लावून धरली आणि नानावटीला जन्मठेप झाली. पुढे १९६१ ला न्यायाधीश, १९७२ ला सुप्रीम कोर्ट. १९७८ ते १९८५ सरन्यायाधीश. त्या खुर्चीवर एवढा काळ दुसरं कोणीच बसलं नाही.

पण एक निकाल त्यांना कायमचा चिकटला. आणीबाणीत विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्यांना कोर्टात दाद मागता येणार नाही, असं १९७६ ला पाचपैकी चार न्यायाधीशांनी ठरवलं. त्या चौघांत चंद्रचूड होते. विरोधात गेलेले खन्ना एकटे पडले आणि त्यांचं सरन्यायाधीशपदही हुकलं.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मात्र चंद्रचूडांनी वेगळाच निकाल दिला. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा खटला होता. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, असं त्यात म्हटलंय. झोपड्या काही वाचल्या नाहीत, फक्त पावसाळा संपेपर्यंत मुदत मिळाली.

२००८ ला ते गेले. आणीबाणीतला तो निकाल सुप्रीम कोर्टाने २०१७ ला चुकीचा ठरवला. त्या नऊ न्यायाधीशांत त्यांचाच मुलगा होता, धनंजय.