गिटारवादक पॉल कॉसॉफ

पवित्र शास्त्रांतील गोष्टी आपल्या शब्दांत रंगवून सांगणारे नट म्हणून डेव्हिड कॉसॉफ यांचें नांव इंग्लंडांत घरोघरीं ठाऊक होतें. धर्मानें ते यहूदी. तरी त्यांच्या कथा ख्रिस्ती कुटुंबेंहि आवडीनें ऐकत. त्यांच्याच मुलाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

पॉलचा जन्म लंडन येथें ता. १४ सप्टेंबर १९५० रोजीं झाला. लहानपणीं त्यानें कांहीं वर्षें शास्त्रीय गिटारचें रीतसर शिक्षण घेतलें. पुढें त्यावरून त्याचें मन उडालें. परंतु जॉन मेयॉल यांच्या संघांत वाजविणाऱ्या एरिक क्लॅप्टनला त्यानें ऐकलें आणि अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या दुःखांतून जन्मलेल्या ब्लूज संगीताचा त्यास ध्यास लागला. वाद्यांच्या दुकानांत नोकरी करावी व उरल्या वेळीं वाजवावें, असा त्याचा क्रम होता.

१९६८ सालीं गायक पॉल रॉजर्स, ड्रमवादक सायमन कर्क व अवघा पंधरा वर्षांचा अँडी फ्रेझर यांच्यासह त्यानें 'फ्री' हा संघ काढिला. नांव सुचविलें तें ॲलेक्सिस कॉर्नर या वडीलधाऱ्या वादकानें.

त्या काळचे तरुण वादक बोटांची चपळाई दाखविण्यांत धन्यता मानीत. पॉलची रीत निराळी. तो एकच स्वर घेई, तार ओढून तो धरून ठेवी, आणि बोटाच्या बारीक हालचालीनें त्यास असा कंप देई कीं, वाद्य नव्हे, मनुष्यच कण्हत आहे असें वाटावें. मग तो थांबे. तें थांबणेंहि ऐकण्यासारखें असे. विशीच्या आंतील मुलास हा संयम कोठून लाभला, याचें आम्हांस नवल वाटतें. कारण वाद्याबाहेर तो त्यास साधला नाहीं.

१९७० सालीं रॉजर्स व फ्रेझर यांनीं रचिलेलें 'ऑल राइट नाउ' हें गीत ब्रिटनमध्यें दुसऱ्या व अमेरिकेंत चौथ्या क्रमांकास पोहोंचलें. त्याच उन्हाळ्यांत आइल ऑफ वाइट बेटावरील प्रचंड समुदायापुढें हा संघ वाजला, तेव्हां पॉलला वीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

पुढल्याच वर्षीं संघ मोडला. पॉलला तो घाव सोसला नाहीं, व मादक पदार्थांची संवय बळावत गेली. त्यास सांवरावें म्हणून सोबती १९७२ सालीं पुन्हां एकत्र आले. मित्रांचें हें करणें आम्हांस त्यांच्या सर्व कीर्तीहून मोठें वाटतें. पण त्याचा उपयोग झाला नाहीं. १९७३ सालीं 'फ्री' कायमचा संपला. रॉजर्स व कर्क यांनीं 'बॅड कंपनी' काढून नांव मिळविलें. पॉलनेंहि 'बॅक स्ट्रीट क्रॉलर' हा आपला संघ उभारिला. १९७५ सालीं त्याचें हृदय बंद पडलें असतां डॉक्टरांनीं त्यास परत आणिलें. तो पुन्हां वाजवूं लागला. ता. १९ मार्च १९७६ रोजीं लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जातांना विमानांतच त्याचा अंत झाला. वय पंचवीस.

दावीद राजानें अबशालोमाकरितां केलेला विलाप आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. हा दुसरा डेव्हिड मात्र शोक घेऊन घरीं बसला नाहीं. मुलाचा नाश कसा झाला, याचा एकपात्री प्रयोग त्यांनीं रचिला. आणि ज्या कंठानें पूर्वीं शास्त्रांतील कथा सांगितल्या, त्याच कंठानें ते गांवोगांव आपल्या घरची कथा परक्यांच्या मुलांना सांगत हिंडले. ते २००५ सालीं वारले.